अटकेच्या कागदावरचे ‘अंदाजे २१’: फाशीच्या एका कैद्याच्या वयाचे प्रकरण

प्रकरणाविषयी

गुन्हा घडला त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या माणसाला भारतात फाशी देता येत नाही. हा नियम वाचायला सोपा आहे. तो एका माणसाला लागू करून घेण्यासाठी काय काय करावे लागले, ते या लेखात नोंदवले आहे. कैद्याला येथे ‘क’ म्हटले आहे. गावे, कारागृह, न्यायालयाचे ठिकाण आणि मृतांचे कुटुंब ओळखू येईल असा तपशील वगळला आहे. त्याच्या वकिलांसाठी कागदपत्रे शोधण्याचे काम मी केले, त्यामुळे मी या प्रकरणात तटस्थ नव्हते. जिथे आमच्या बाजूचे चुकले, तेही लिहिले आहे.

पार्श्वभूमी

‘क’ हा मराठवाड्यातील एका कोरडवाहू गावातल्या ऊसतोड कुटुंबातले दुसरे अपत्य. दसरा झाला की मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फेडण्यासाठी कुटुंब साखर कारखान्याच्या अड्ड्यावर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तळावर, जाई आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत येई. शाळेत त्याने पाच वर्षे नाव लावले, पण पहिली चार वर्षेही सलग बसला नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी हातात कोयता आला. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. लहान मुलाचा अर्धा कोयता धरला जात नाही, म्हणून मुकादमाच्या वहीत त्याचे वय वाढवून लिहिले गेले. १९९९ च्या हंगामात त्या वहीत त्याच्या नावापुढे २१ हा आकडा होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमधल्या एका रात्री अड्ड्यापासून जवळच्या शेतवस्तीवर दरोडा पडला आणि एका कुटुंबातील तीन माणसे मारली गेली. चार दिवसांनी ‘क’ आणि त्याच्याहून वयाने बरेच मोठे असलेले दोघे पकडले गेले. ‘क’ त्या रात्री तिथे होता, त्याने हात उचलला, आणि चोरलेल्या दागिन्यांपैकी एक त्याच्या कोपीत (तळावरच्या झोपडीत) सापडला. ही गोष्ट त्याने पुढे कधीही नाकारली नाही, आणि या लेखातही ती झाकलेली नाही. आमचे म्हणणे निर्दोषत्वाचे कधीच नव्हते.

पोलिसांनी वय मुकादमाच्या वहीवरून घेतले. अटकेच्या पंचनाम्यात ‘वय अंदाजे २१ वर्षे, धंदा मजुरी’ असे लिहिले गेले, तेच दोषारोपपत्रात उतरले आणि तेथून प्रत्येक न्यायालयाच्या निकालपत्राच्या पहिल्या पानावर गेले. ‘अंदाजे’ हा शब्द दोषारोपपत्रातच गळला होता. उरला नुसता आकडा.

सत्र न्यायालयाने मार्च २००२ मध्ये तिघांनाही फाशी सुनावली. फाशीच्या शिक्षेवर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब लागते. ते २००३ मध्ये ‘क’ आणि एका साथीदाराच्या बाबतीत झाले, तिसऱ्याची शिक्षा जन्मठेपेवर आली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अपील फेटाळले. राज्यपालांनी दयेचा अर्ज नाकारला आणि तो राष्ट्रपतींकडे गेला. तो तिथे पडून असताना साथीदार कारागृहातच आजारपणाने वारला. ‘क’ फाशी यार्डात एकटा उरला.

प्रश्न नेमका कुठे होता

आम्ही २०१३ च्या सुरुवातीला हे प्रकरण हातात घेतले, ते वयासाठी नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तिहारमध्ये फाशीची अंमलबजावणी झाली होती, वर्षानुवर्षे पडून असलेले दयेचे अर्ज झपाट्याने निकाली निघू लागले होते, आणि कोणत्या कैद्याचा क्रमांक कधी लागेल हे सांगता येत नव्हते. आम्ही घाईघाईने फाइली वाचत होतो.

सत्र न्यायालयाच्या कागदांत आरोपीच्या जबाबाचा एक कागद असतो. सरकार पक्षाचा साक्षीपुरावा संपल्यावर त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारत, आणि त्या कागदाच्या माथ्यावर नाव, वय, धंदा हे रकाने असतात. हे रकाने कोणी वाचत नाही. ‘क’च्या कागदावर फेब्रुवारी २००२ या तारखेखाली वय लिहिले होते: १९ वर्षे. हे त्याने स्वतः सांगितले होते. तो आकडा खरा असेल, तर सव्वादोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात तो फार तर पावणेअठरा वर्षांचा होता. त्याच न्यायाधीशांनी महिनाभराने निकाल लिहिताना मात्र वय २३ धरले (१९९९ चे २१ अधिक दोन), आणि ‘आरोपी तरुण असला तरी कृत्याचे क्रौर्य पाहता वयाचा लाभ देता येत नाही’ या आशयाचे वाक्य लिहिले. एकाच फाइलीत दोन वये होती, आणि त्यांच्यात चार वर्षांचे अंतर होते.

येथे न्यायाधीशांना किंवा त्या वेळच्या वकिलांना सरसकट दोष देणे मला बरोबर वाटत नाही, कारण कायदाच त्या काळात पायाखालून सरकत होता. गुन्हा घडला तेव्हा १९८६ चा बालन्याय कायदा लागू होता आणि त्यात मुलासाठी मर्यादा सोळा वर्षांची होती. सतरा वर्षांचा मुलगा त्या कायद्याने सज्ञानच होता. खटला चालू असताना, १ एप्रिल २००१ पासून, २००० चा नवा कायदा लागू झाला आणि मुलगा-मुलगी दोघांसाठी मर्यादा अठरा झाली. पण आधी घडलेल्या गुन्ह्यांचे काय, याबद्दल गोंधळ होता. २००५ मध्ये प्रताप सिंह विरुद्ध झारखंड राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने वय गुन्ह्याच्या दिवसाचे धरायचे हे निश्चित केले, मात्र जुन्या गुन्ह्यांना नव्या कायद्याचा लाभ १ एप्रिल २००१ ला अठरा पूर्ण न झालेल्यांनाच दिला. ‘क’ तोवर अठरा ओलांडून गेला होता. म्हणजे त्याचे अपील फेटाळले गेले त्या वर्षी त्याचे खरे वय न्यायालयापुढे आले असते, तरीही बहुधा उपयोग झाला नसता.

दार उघडले २२ ऑगस्ट २००६ रोजी. त्या दिवशी अमलात आलेल्या दुरुस्तीने कलम ७-अ घातले: गुन्ह्याच्या वेळी आपण अज्ञान (अल्पवयीन) होतो हा दावा कोणत्याही न्यायालयापुढे, कोणत्याही टप्प्यावर, अगदी प्रकरण कायमचे निकाली निघाल्यानंतरही करता येतो. कलम २० ला जोडलेल्या स्पष्टीकरणाने जुने गुन्हेही त्यात आले. २००९ मध्ये हरिराम विरुद्ध राजस्थान राज्य या निकालाने उरलीसुरली शंका दूर केली. म्हणजे २००६ पासून ‘क’ला फाशी यार्डात ठेवणे कायद्याला धरून नव्हते, आणि तरीही आम्ही २०१३ मध्ये फाइल उघडली तेव्हा तो तिथेच होता. सात वर्षे. या सात वर्षांत कोणी दुष्टपणा केला नाही. कायदा बदलल्यावर फाशीच्या कैद्यांची यादी काढून त्यांची वये पुन्हा पाहावीत, हे काम कोणाच्याच टेबलावर नव्हते.

समोरचे पर्याय

वकिलांच्या बैठकीत चार वाटांचा विचार झाला.

पहिली, राष्ट्रपतींकडे पडून असलेल्या अर्जाला वयाचा मुद्दा जोडणे. ही वाट सोपी होती, पण तिथे सुनावणी नाही, साक्ष नाही, कारणे दिली जात नाहीत, आणि अर्ज फेटाळला गेला तर पुढचे दिवस मोजकेच उरतात. दुसरी वाट विलंबाची. दयेचा अर्ज वर्षानुवर्षे रखडवणे हेच शिक्षा कमी करण्याचे कारण ठरते की नाही, हा प्रश्न त्या काळात सर्वोच्च न्यायालयापुढे होता, आणि जानेवारी २०१४ मध्ये पंधरा कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. ही वाट सुरक्षित होती, पण तिच्या शेवटी जन्मठेप होती. तिसरी वाट कलम ७-अ खालच्या दाव्याची. तो सिद्ध झाला तर दोषसिद्धी राहते पण शिक्षा रद्द होते, कारण २००० च्या कायद्यात विशेष गृहात (मुलांच्या सुधारगृहात) ठेवण्याची कमाल मुदत तीन वर्षांची होती आणि ‘क’ चौदाव्या वर्षात होता. चौथी वाट, थांबून पाहण्याची, कोणालाच नको होती.

तिसऱ्या वाटेचा धोका एका ज्येष्ठ वकिलांनी स्पष्ट मांडला. वयाची चौकशी आपल्या विरुद्ध गेली, तर ‘हा सज्ञान होता’ असा न्यायालयीन निष्कर्ष कायमचा कागदावर येईल, आणि मग दयेच्या अर्जातही तरुण वयाचा मुद्दा बोथट होईल. आज आहे ती शंका तरी आपल्या बाजूने आहे, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे वजनदार होते. ऑक्टोबर २०१२ च्या अबुझर हुसेन विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या निकालात तीन न्यायमूर्तींनी उशिरा केलेल्या दाव्याचाही विचार झाला पाहिजे असे म्हटले होते, पण त्यासाठी प्रथमदर्शनी विश्वास बसेल असा आधार हवा, आणि कलम ३१३ च्या कागदावरचा आकडा किंवा आईबापांचे नुसते शपथपत्र त्याला सहसा पुरेसे नाही, हेही सांगितले होते. म्हणून असे ठरले की विलंबाचा अर्ज तयार ठेवावा, पण दाखल करू नये, आणि दोन महिन्यांत शाळेचा कागद मिळाला तर तिसरी वाट धरावी.

शोध

२००७ च्या नियमांतील नियम १२ ने पुराव्याची उतरंड घालून दिली होती: आधी दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर पहिल्या शाळेतील जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि यातले काहीच नसेल तरच वैद्यकीय मंडळ. ‘क’ दहावीच्या जवळपासही गेला नव्हता. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्याचा जन्म नव्हता. राहिली शाळा.

जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत जनरल रजिस्टर लोखंडी कपाटात, पोषण आहाराच्या रिकाम्या पोत्यांखाली होते. पुठ्ठा वाळवीने खाल्ला होता, पण आतली पाने शाबूत होती. जून १९८८ चे पान उघडले. नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण: ‘सतत गैरहजर’. जन्मतारीख १ जून १९८२. या हिशेबाने गुन्ह्याच्या रात्री त्याचे वय सतरा वर्षे पाच महिने होते. मला आनंद झाला, आणि तो पाच मिनिटे टिकला. त्याच पानावर अठरा मुलांची नावे होती आणि त्यातल्या अकरा जणांची जन्मतारीख एक जूनच होती.

महाराष्ट्रातल्या त्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडते, आईबापांना तारीख माहीत नसते, गुरुजी मुलाकडे पाहून वर्ष ठरवतात आणि एक जून लिहून टाकतात. ज्या कागदावर एका माणसाचे जगणे अवलंबून होते, त्यातली तारीख अंदाजाची होती, जसा पोलिसांचा आकडा अंदाजाचा होता. फरक इतकाच की गुरुजींनी अंदाज केला तेव्हा गुन्हा अकरा वर्षे दूर होता आणि खोटे लिहिण्यात कोणाचाच फायदा नव्हता. मुकादमाला मात्र वय वाढवण्यात फायदा होता.

मी त्याच्या आईकडे तीनदा गेले. पहिल्या दोन वेळा घरात दीर, पुतणे, शेजारी असे सगळे पुरुष बसले होते, आणि त्या ‘कोपीत झाला, ध्यानात नाही’ एवढेच सांगत. तिसऱ्या वेळी मी मुक्कामी राहिले. रात्री चुलीजवळ दोघीच होतो, तेव्हा मी विचारले, “मावशी, थोरलीच्या मागं किती दिवसांनी झाला हा?” त्या बराच वेळ राख सारत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “वर्साच्या आत पुन्यांदा पाळणा हलला, ताई. शिमग्याच्या टायमाला. लाज वाटायची सांगायला.”

या एका वाक्याने प्रकरणाला आधार मिळाला. थोरली मुलगी पहिलटकरणीची, म्हणून माहेरी, आरोग्य केंद्रात झाली होती, आणि तिचा जन्म तिथल्या ग्रामपंचायतीत नोंदला होता: एप्रिल १९८१. तिच्या पाठचा मुलगा पूर्ण दिवसांचा असेल तर जानेवारी १९८२ च्या आधी जन्मूच शकत नाही. म्हणजे त्याचे वय कितीही ताणले तरी नोव्हेंबर १९९९ मध्ये अठरा होत नव्हते. मुलाचा कागद मिळाला नव्हता, पण बहिणीच्या कागदाने त्याचे वय बांधून टाकले होते.

सर्वांत अवघड निर्णय

आता पेच असा होता. आईचे म्हणणे खरे धरले तर मुलाचा जन्म मार्च १९८२ च्या सुमाराचा, आणि शाळेतला एक जून खोटा. नियमाने सर्वांत वरचा पुरावा शाळेचा, आणि आपलीच साक्षीदार तो पुरावा चुकीचा आहे असे सांगणार. काही सहकाऱ्यांचे मत होते की आईला साक्षीला बोलावूच नये. शाळेचा दाखला आहे, नियम आहे, तेवढ्यावर दावा उभा करावा. कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते. सप्टेंबर २०१२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेच होते की शाळेचा दाखला बनावट असल्याचे दिसत नसेल तर त्याच्या खोलात जाऊन वाटेल तशी चौकशी करण्याची गरज नाही.

मी आणि आणखी एक वकील दुसऱ्या बाजूचे होतो. एक जूनचे रहस्य सरकारी वकिलांना आमच्याइतकेच माहीत असणार, ते पानावरच्या अकरा नोंदी दाखवणारच, आणि मग आमच्या हातात काही उरणार नाही. आपण होऊन सांगितले तर मात्र न्यायाधीशांना हे दिसेल की तारीख अंदाजाची असली तरी कोणत्याही तारखेने उत्तर बदलत नाही. आणि खरे सांगायचे तर, एका आईने आयुष्यभर दाबून ठेवलेली गोष्ट पहिल्यांदा सांगितल्यावर ती आपल्या सोयीसाठी बाजूला ठेवणे मला जमले नसते. दोन दिवस वाद झाला. शेवटी आईचे शपथपत्र, बहिणीचा जन्मदाखला आणि शाळेचे रजिस्टर, तिन्ही जोडून सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला, आणि त्यात विसंगती लपवली नाही.

हाडांच्या तपासणीचा पर्यायही होता. तो आम्ही नाकारला. विशीच्या मध्यापर्यंत हाडे जुळून येतात. तिशी ओलांडलेल्या माणसाच्या क्ष-किरण चित्रावरून तो चौदा वर्षांपूर्वी सतरा वर्षांचा होता की एकोणीस, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. पण हे कळायला आम्हाला दोन महिने लागले, तज्ज्ञांच्या भेटी घेण्यात वेळ गेला, आणि बहिणीचा दाखला त्यामुळे उशिरा हाती आला. हा आमचा दोष.

चौकशी

सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना वयाची चौकशी करून अहवाल पाठवायला सांगितले. २०१४ च्या उन्हाळ्यात पाच साक्षी झाल्या. त्यांतली निवृत्त मुख्याध्यापकांची साक्ष माझ्या डोळ्यांपुढे आजही आहे. ते ऐंशीच्या पुढे होते. रजिस्टरातले अक्षर आपले आहे हे त्यांनी लगेच ओळखले. सरकारी वकिलांनी विचारले, “जन्मतारीख तुम्हाला कोणी सांगितली?” ते म्हणाले, “कोणी नाही साहेब, आम्हीच धरायचो.” वय कसे धरत, असे न्यायाधीशांनी विचारल्यावर त्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या उभ्या उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडून दाखवला. हात कानाला लागला की मूल सहा वर्षांचे, नाही लागला की पुढच्या वर्षी या. न्यायालयात क्षणभर कोणी बोलले नाही.

सरकारी वकिलांचा युक्तिवाद दुबळा नव्हता. हाताने कान धरण्यावरून ठरवलेले वय सहा महिन्यांनी चुकू शकते, एक वर्षानेही चुकू शकते, आणि तीन माणसांच्या खुनाच्या शिक्षेचा फैसला अशा कागदावर होऊ नये, असे ते म्हणाले. आईला उलटतपासणीत त्यांनी विचारले, “म्हणजे शाळेतली तारीख खोटी आहे ना?” त्या म्हणाल्या, “हो, खोटीच. गुरुजींना काय ठावं?” मग त्यांनी वैद्यकीय तपासणीची मागणी केली. न्यायाधीशांनी ती नाकारली, कारण शाळेचा कागद उपलब्ध असताना नियमाने त्या पायरीपर्यंत जाताच येत नव्हते.

निकाल

अहवालात न्यायाधीशांनी शाळेची तारीख स्वीकारली, पण तिथेच थांबले नाहीत. आईची साक्ष आणि बहिणीचा जन्मदाखला यांवरून निघणारी लवकरात लवकरची तारीख घेतली तरी ‘क’चे वय गुन्ह्याच्या दिवशी अठराच्या आतच येते, हे त्यांनी मांडून दाखवले. मुकादमाच्या वहीबद्दल त्यांनी लिहिले की ती मजुरी ठरवण्यासाठी होती, वय नोंदवण्यासाठी नव्हे. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहवाल मान्य केला, दोषसिद्धी कायम ठेवली, शिक्षा रद्द केली आणि सुटकेचा आदेश दिला. तोवर ‘क’ पंधरा वर्षे चार महिने आत होता आणि त्यातली तेरा वर्षे फाशीच्या शिक्षेखाली गेली होती.

हे प्रकरण एकटे नाही. १९९४ मधल्या पुण्यातील एका हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला कैदी गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षे सहा महिन्यांचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठरवले. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ कोठडीत होता. जानेवारी २०२५ मध्ये डेहराडूनच्या, त्याच १९९४ सालच्या प्रकरणात चौदा वर्षांच्या मुलाला सज्ञान समजून फाशीची शिक्षा सुनावली गेल्याचे मान्य झाले. त्याची फाशी राष्ट्रपतींनी २०१२ मध्येच जन्मठेपेत बदलली होती, पण वयाचा प्रश्न त्याने सुटला नव्हता. त्या खटल्यातही आरोपीने सत्र न्यायालयाला आपले वय सांगितले होते.

काय वेगळे करता आले असते

पहिला प्रसंग रिमांडचा. अटक झालेला मुलगा दंडाधिकाऱ्यांपुढे उभा राहिला तेव्हा ‘अंदाजे’ या शब्दावर बोट ठेवून ‘कशावरून?’ एवढे विचारले असते, तर मुकादमाची वही त्याच दिवशी समोर आली असती. त्या वेळच्या कायद्याने त्याला लाभ झाला नसता, हे वर मान्य केलेच आहे, पण २००६ मध्ये कायदा बदलला तेव्हा फाइलीत २१ च्या जागी १७ असता आणि कोणाच्या तरी नजरेस पडला असता. आजच्या, म्हणजे २०१५ च्या कायद्याच्या कलम ९४ ने वयनिश्चितीची उतरंड थेट कायद्यात आणली आहे. रकाना भरणारा हात मात्र अजून पोलीस ठाण्यातलाच आहे.

दुसरा प्रसंग २००६ चा, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक तिथे झाली. एखादा कायदा आधीच शिक्षा झालेल्यांना नवा हक्क देतो, तेव्हा तो हक्क त्यांनी स्वतः शोधून मागावा ही अपेक्षा फाशी यार्डातल्या निरक्षर माणसाकडून करता येत नाही. राज्यात फाशीचे कैदी हाताच्या बोटांवर नसले तरी एका फायलीत मावतील इतकेच असतात. कारागृह अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरण यांनी त्या प्रत्येकाच्या शाळेला एक पत्र पाठवले असते तर महिनाभरात काम झाले असते. हे बंधनकारक करायला कायद्यातही बदल लागत नाही, एक परिपत्रक पुरे.

तिसरी चूक आमची. मृतांच्या कुटुंबातील मुलगी, जी त्या रात्री सासरी होती म्हणून वाचली, तिला चौकशीची कल्पना कोणीच दिली नाही. सरकारने दिली नाही, आणि आम्ही तर विचारही केला नाही. सुटकेची बातमी तिने वर्तमानपत्रात वाचली. तिने आमच्या वकिलांना फोन केला. ती आरडाओरडा करेल अशी आमची तयारी होती. तिने एवढेच विचारले, “मला आधी का नाही सांगितलं?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिला चौकशीत उभे राहून बोलू देणे कायद्याने आवश्यक नव्हते, आणि तिच्या बोलण्याने वयाचा हिशेब बदलला नसता. तरी तिला आधी कळायला हवे होते, आणि सतरा वर्षांच्या मुलाला फाशी का देत नाहीत हे तिच्या घरी जाऊन सांगण्याचे धैर्य आम्ही दाखवायला हवे होते. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देशभर जो संताप उसळला, त्यातून सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यांसाठी सज्ञानांप्रमाणे खटला चालवण्याची तरतूद २०१५ च्या कायद्यात आली. त्याच कायद्याच्या कलम २१ ने मात्र अशा मुलाला फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येणार नाही हे कायम ठेवले. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या कलम ३७ मध्येही हेच आहे. संतापलेल्या माणसापुढे हे कलम वाचून दाखवणे पुरेसे नसते. ज्यांचे गेले त्यांच्याशी बोलण्याचे काम कायद्याच्या कोणत्याही कलमात लिहिलेले नाही, म्हणून ते राहून जाते.

त्यानंतर

सुटकेच्या दिवशी कारागृहाने त्याला कपडे, साठलेली मजुरी आणि एसटीच्या भाड्याचे पैसे दिले. पुढे काय, याची कोणतीही व्यवस्था नव्हती, कारण बालक म्हणून त्याला जे पुनर्वसन मिळायचे ते देणाऱ्या यंत्रणेसाठी तो आता बत्तीस वर्षांचा गृहस्थ होता. बहिणीने त्याला आपल्या घरी नेले. पहिले काही महिने तो रात्री दिवा मालवू देत नसे, आणि दाराला कडी लावली की उठून ती काढून ठेवत असे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात आम्ही त्याचे आधार कार्ड काढायला तालुक्याला गेलो. आई सोबत होती. केंद्रावरच्या मुलाने संगणकाकडे पाहत विचारले, “जन्मतारीख?” ‘क’ने आईकडे पाहिले. आई म्हणाली, “शिमग्याची लिही म्हणावं.” मुलगा थांबला, म्हणाला, “आजी, तारीख लागते.” ‘क’ने पिशवीतून न्यायालयाच्या आदेशाची घडी काढली, ती टेबलावर सरळ केली आणि सावकाश वाचून सांगितले: एक जून एकोणीसशे ब्याऐंशी.